धार आणि देवासची बेरीज

देवास, ४ नोव्हेंबर २०२५

ती. दादांच्या पायांवर योगेंद्रचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. थंडी पडल्यापासून अल्पनाचा गुडघा कुरकुरतोय, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. जान्हवी दिवाळीला चार दिवस माहेरी येऊन गेली. तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं कानावर आलं. उन्हात काळा चष्मा लावत जा. नलिनी वहिनींना नमस्कार, तुमच्या अंशुलला आशीर्वाद.

अडीच वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका. फोनच केला असता, पण माझा नंबर तुमच्या फोनला लागत नाही, आणि का लागत नाही हे दोघांनाही माहीत आहे. मराठीत मुद्दाम लिहितोय. अंशुलला मराठीच्या चार ओळी वाचायच्या म्हटलं की घाम फुटतो, तेव्हा हे आपल्यातच राहील.

कामाचं लिहितो. कागदाची रिळं पुरवणारा चिराग परवा तुमच्याकडून थेट माझ्या कारखान्यात आला. चहा पिता पिता म्हणाला, "भिया, बड़े दादा की गाड़ी तो कंपनी के गेट से ही लौटा दी. दो बार. बोले, बिल पे क्यूआर नहीं है." तुमचे सगळे पुठ्ठ्याचे खोके पीथमपूरची ती एकच कंपनी घेते. येत्या २१ तारखेपर्यंत जुन्या-नव्या बिलांचं निस्तरलं नाही, तर पुरवठादारांच्या यादीतून तुमचं नाव काढणार, असंही तो म्हणाला. गंधवानीकडच्या बावीस बायका तुमच्याकडे खोके तारेने शिवतात. त्या कुठे जातील? आणि या वयात तुम्ही दुसरी कंपनी शोधत कुठे फिरणार?

हे ई-इनव्हॉइस प्रकरण धारमध्ये तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सांगतो. भिण्यासारखं त्यात काही नाही. बिल आपण नेहमीसारखंच बनवायचं. मग ते सरकारच्या पोर्टलवर चढवायचं. तिथून चौसष्ट अक्षरांचा एक लांबलचक नंबर येतो आणि काळा-पांढरा चौकोन येतो, तोच क्यूआर. तो छापला की बिल खरं. नाही छापला तर समोरच्या कंपनीच्या लेखी तो नुसता कागद, कारण त्यावर भरलेल्या कराची वजावट तिला हक्काने मागता येत नाही. म्हणून ते गाडी परत पाठवतात, त्यात त्यांचा दुष्टावा नाही. चुकलं तर चोवीस तासांत रद्द करता येतं. घरगुती गिऱ्हाइकाच्या बिलाला हे लागत नाही, व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेल्या बिलालाच लागतं.

आता घोडं कुठे अडलं ते ऐका. ज्याची उलाढाल २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी पाच कोटींच्या वर गेली, त्याला हे बंधनकारक. तुम्ही म्हणाल, आपली कुठे गेली? धारची दोन कोटी ऐंशी लाख, देवासची दोन कोटी साठ. पण आबा गेल्यावर माई काय म्हणाली होती आठवतं ना? चुली वेगळ्या करा, कारखाने वाटून घ्या, पेढी मात्र मोडू नका. आपण तिचा शब्द पाळला. जीएसटीचे नंबर दोन घेतले, पण 'मोरोपंत अँड सन्स'चा पॅन एकच ठेवला. सरकार बेरीज करतं ती पॅनवर. आपण एकमेकांचं तोंड बघत नाही हे त्याला कोण सांगणार? दोन्ही मिळून पाच कोटी चाळीस होतात.

मलाही हे नीट कळलं ते अलीकडेच, इथल्या कंपनीने मागितलं म्हणून.

पीथमपूरची कंपनी तुमच्याकडून दरवर्षी 'आमची उलाढाल पाच कोटींच्या आत आहे' असं लिहून घेत असणार. तो कागद गणपत भरत असेल आणि त्याने एकट्या धारचा आकडा धरला असेल. बिचाऱ्याला दोष तरी काय द्यायचा! तरी तीस वर्षं मुनीमकी केलेल्या माणसाने एकदा कुणाला विचारायला नको होतं का?

असो. धारच्या नंबराचं लॉगिन उघडायचं तर ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल, कारण तिथले सही करणारे तुम्ही. तुम्ही फक्त माझा नंबर अडवलाय तो सोडा आणि फोन उचला. बाकी सगळं मी देवासहून करून देतो.

वाट बघतो.

तुमचा आज्ञेतला
योगेंद्र


देवास, ११ नोव्हेंबर २०२५

ती. दादा,

सा. न. काल मी धारला येऊन गेलो, हे वहिनींनी सांगितलंच असेल. तुम्ही पीथमपूरला कंपनीच्या गेटवर जाऊन बसला होता. पासष्टीचा माणूस, डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालेला नाही, आणि सिक्युरिटीवाल्याच्या बाकावर सकाळपासून बसून राहतो. वहिनी सांगत होत्या आणि मला बसवत नव्हतं.

माझं पत्र मिळालं की नाही, हा प्रश्नच नव्हता. मिळालं, आणि तेच जास्त झालं. मी मराठीत लिहिलं म्हणून खुशीत होतो. तुम्हाला अजून बारीक अक्षर दिसत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वहिनींनी ते कारखान्यात, तुमच्या टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. आणि गणपत समोर बसला होता.

वहिनींनी मला पाणी दिलं, पोहे दिले. मग म्हणाल्या, "भावोजी, तुमचं पत्र संपलं तसे हे उठले. गणपतला म्हणाले, मला दोन वर्षं खोट्या कागदावर सह्या करायला लावल्यास. माझं नाक कापलंस. किल्ल्या ठेव आणि नीघ. तो एक शब्द बोलला नाही हो. किल्ल्या ठेवल्या, ह्यांच्या पाया पडला आणि गेला. मला वाटलं, काहीतरी बोलेल."

पोह्यांची बशी मी तशीच बाजूला ठेवली. वहिनींना वाटलं मीठ कमी पडलं.

दादा, गणपतला परत बोलवा. मी ज्या अर्थाने लिहिलं होतं तो अर्थ असा नव्हता. त्याचा दोष नाही. नियमच असा आडवळणाचा आहे की भले भले फसले. पॅनची बेरीज कुणाच्या लक्षात येते? वकिलांच्या लक्षात येते, मुनीमाच्या नाही. चूक कुणाचीच नाही असं धरून चला ना.

आणि व्यवहाराचंही बघा. सप्टेंबरपर्यंतची सगळी बिलं गणपतच्या एक्सेलमध्ये आहेत. कुठली फाइल कुठे, हे त्याच्याशिवाय कुणालाही सापडायचं नाही. अंशुल दोन दिवस झगडतोय, आणि वहिनी म्हणाल्या की तो कालपासून कॉम्प्युटरवर चिडून बसलाय. आज ११ तारीख आहे. दहा दिवस राहिले. पेढीचं कराचं काम बघणाऱ्या उमाशंकरजींना मी विचारलं, जुनी बिलं आता चढतील का? ते म्हणाले, "चढ़ जाएँगी भिया, तीस दिन वाली शर्त अभी बड़ों के लिए है. दंड का बाद में देखेंगे, पहले माल तो अंदर जाए." म्हणजे बिल तीस दिवसांत चढवायची अट मोठ्या पेढ्यांनाच, आपल्याला वाट आहे. पण ती तुमच्या फोनवरून जाते आणि गणपतच्या हातून.

निघताना वहिनींनी विचारलं, "भावोजी, तुमच्या बिलांवर हे चौकोन कधीपासून आहेत?" मी म्हटलं, आठवत नाही, कोमलला विचारावं लागेल. कोमल म्हणजे माझ्या ऑफिसात बिलं बनवणारी मुलगी. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, जपून जा.

घाटाबिल्लोदला गाडी थांबवली. बराच वेळ परत धारकडे वळवावी असं वाटत होतं. वळवली नाही.

दादा, मी हात जोडतो. गणपतला बोलवा. फोन उचला.

योगेंद्र


देवास, १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

ती. दादा,

हे पत्र चिरागच्या हाती देतोय. उद्या सकाळी तो धारला पोहोचेल. पोस्टावर सोडायला आता दिवस उरले नाहीत.

वहिनी, हे तुम्हीच वाचणार आहात. मधे कुठे थांबावंसं वाटेल. थांबू नका, आणि आवाज खाली आणू नका. अंशुललाही जवळ बसवा. आपल्यातच राहू दे असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते माझ्या सोयीसाठी होतं.

ई-इनव्हॉइसचं मला अलीकडे कळलं, हे खोटं आहे. मला जुलै २०२३ मध्ये कळलं. पेढीचं इन्कम टॅक्सचं रिटर्न दोन्हीकडचं मिळून उमाशंकरजी भरतात, त्यांना बेरीज समोर दिसत होती. त्यांनी मला ऑफिसात बोलावून नियमाचा कागद दाखवला आणि म्हणाले, "एक अगस्त से तुम दोनों को लगेगा. धार वालों को भी बता देना, भिया, पैन एक ही है." मी म्हटलं, आजच सांगतो. एक ऑगस्टला माझ्या पहिल्या बिलावर तो चौकोन छापला. तुम्हाला काही सांगितलं नाही.

कारण तुम्हाला माहीत आहे. त्याच वर्षी मे महिन्यात जान्हवीच्या लग्नात तुम्ही पानावरून उठून गेलात. नव्या व्याह्यांसमोर, पंगत बसलेली असताना. मी सगळ्यांना सांगत फिरलो की पत्रिकेत दादांचं नाव राहिलं ती छापणाऱ्याची चूक. ती चूक नव्हती. घरात वडील तुम्ही, निमंत्रण तुमच्या नावानेच जायला हवं होतं. मी प्रुफावर तुमचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. लोकांना दिसावं की देवासचं घर आता माझं आहे. इतकी साधी, इतकी हलकी गोष्ट होती ती. तुम्ही उठलात ते बरोबरच होतं, आणि ते बरोबर होतं म्हणूनच मला सहन झालं नाही.

तर मी गप्प बसलो. मनाशी म्हणायचो, त्यांना कुणी ना कुणी सांगेलच, मी काय एकटाच आहे का? दर महिन्याला तुमची बिलं बिनचौकोनी जात असतील हे मला ठाऊक होतं. कधी कधी बरंही वाटायचं. हेही लिहून टाकतो, कारण आज नाही लिहिलं तर पुन्हा लिहिणार नाही.

पण एवढ्यावर ते थांबलं असतं तर मी तुमच्यासमोर येऊन बोललो असतो. पत्रामागे लपलो नसतो. पुढचं आहे.

एप्रिल २०२४ मध्ये गणपतचा मला फोन आला. देवासला कुणी फोन करायचा नाही अशी तुमची सक्त ताकीद होती, म्हणून तो बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बोलत होता. मागे कप धुतल्याचा आवाज येत होता. म्हणाला, "छोटे भैया, कंपनीचा कागद आलाय. पाच कोटींचं विचारतात. मला डाउट आहे. आपली पेढी एक, तर दोन्हीकडचं मिळून धरायचं का? तुम्हाला समजतं म्हणून विचारलं." सरळ विचारलं, दादा. कुणी न सांगता त्या माणसाच्या ते लक्षात आलं होतं. आणि मी त्याला म्हणालो, "नाही रे, आपापलं धरायचं. धारचं धार."

तो म्हणाला, बरं झालं विचारलं. आणि थँक्यू म्हणाला.

आणि त्याच माणसाबद्दल मी चार तारखेला लिहिलं की त्याने एकदा विचारायला नको होतं का. वहिनींनी ते वाचलं, आणि तो समोर बसून ऐकत होता. ते वाक्य लिहिताना मला एप्रिलचा फोन आठवत होता. विसरून लिहिलं असतं तर माफ तरी करता आलं असतं.

काल मी त्याला शोधत डहीला गेलो. तिथे तो बहिणीकडे राहतोय. ओट्यावर बसून मक्याचे दाणे सोलत होता. मला बघून उठला, सतरंजी घातली, बहिणीला चहा टाकायला सांगितला. मी म्हटलं, गणपत, तू दादांना सांगितलं का नाहीस, की मला विचारलं होतंस? त्याने कणीस परत हातात घेतलं. मग म्हणाला, "क्या बोलता, भैया? दादांची ताकीद मोडून फोन केला, ती माझी पहिली चूक. आणि तुमचं नाव घेतलं असतं तर काय झालं असतं? आधीच दोघं बोलत नाही. माझ्यामुळे आणखी एक गाठ पडली असती. माईसाहेबांनी मला जाताना सांगितलं होतं, दोघांना सांभाळ. मेरे से तो वो भी नहीं हुआ."

मला रडू आलं. साठीला आलेला माणूस, दुसऱ्याच्या ओट्यावर बसून रडलो. त्याने मला पाणी आणून दिलं.

मग मी लॅपटॉप उघडला. डहीत नेट धड मिळत नाही, टेकाडाच्या बाजूला जाऊन बसलो तेव्हा कुठे मिळालं. माझ्या देवासच्या लॉगिनमधून माझं एक खरं बिल त्याच्यासमोर चढवलं. खरेदीदाराचा नंबर, मालाचा कोड, रक्कम, कर, पाठवा. चौकोन आला. दुसरं बिल त्याने स्वतः चढवलं, एका बोटाने टाइप करत. चार मिनिटं लागली. त्याने स्क्रीनवरच्या त्या चौकोनाकडे बघितलं आणि मला विचारलं, "इतना ही था, छोटे भैया?"

दादा, इतकंच होतं. चार मिनिटांचं काम होतं आणि मी ते तुमच्यापासून सव्वादोन वर्षं लपवलं.

आता काय करायचं ते सांगतो. सोबत एक कागद आहे. तुमच्या कंपनीला हिंदीत लिहिलंय की धारकडून आलेली घोषणापत्रं माझ्या चुकीच्या सांगण्यावरून भरली गेली, माझे थोरले बंधू यशवंतराव आणि त्यांचा मुनीम यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. खाली माझी सही आणि पेढीचा शिक्का आहे. उमाशंकरजी म्हणाले, हे दिलंस तर तुझ्या इथल्या कंपन्याही तुला दारात उभं करणार नाहीत. मी म्हटलं, नको करू देत. तो कागद उद्याच गेटवर द्या.

ऑगस्ट २०२३ पासूनची सहाशे बारा बिलं आहेत. हा आकडा गणपतने तोंडपाठ सांगितला. लॅपटॉप मी त्याच्यापाशीच ठेवून आलोय. धारचं लॉगिन उघडायला तुमचा मोबाइल लागेल, मग तो रोज दिवसभर बसला आणि अंशुल जोडीला राहिला तर गुरुवारपर्यंत सगळी चढतात. शुक्रवारी २१ तारीख आहे. कंपनी ऐकेल की नाही, मला माहीत नाही. नाही ऐकलं तर तुमचा कारखाना माझ्यामुळे गेला, आणि ते मला जन्मभर फिटणार नाही. पण गणपत बसला नाही तर ऐकायचा प्रश्नच येत नाही.

आणि तो माझ्या सांगण्याने येत नाही. मी गाडीत बसवून आणत होतो. म्हणाला, "दादांनी जा म्हटलं. दादाच ये म्हणतील तेव्हा येईन." म्हणून तुम्हाला डहीला स्वतः जावं लागेल, दादा. उद्याच. ड्रायव्हर पाठवू नका, अंशुलला एकट्याला पाठवू नका. ओट्यावर बसा, बहीण चहा टाकेल तो घ्या. माझं हे पत्र त्याला वाचून दाखवा.

माझं काय करायचं ते २१ तारखेनंतर ठरवा. पेढीतून निघ म्हणालात तर सही करून देतो. आबांचं नाव तुमच्याकडेच राहू दे, मला आता ते लावायची लाज वाटते. पाया पडायलाही तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही.

एवढंच ध्यानात ठेवा. तुम्ही गेलात की गणपत हात जोडून म्हणेल, दादा, चूक माझीच होती. तो तसंच म्हणेल. त्याचं ऐकू नका.

ज्याला त्याने विचारलं होतं, तो
योगेंद्र